खोट्या कळा किती खोट्या?

माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणाच्या फाइलीत अजून दोन कागद आहेत. पहिला म्हणजे किराणा बिलाची पाठकोरी बाजू. त्यावर तिच्या अक्षरात रात्रीच्या वेळा: ११.१०, ११.२२, ११.५०, १२.०५, १२.४०. एक वाजता घरातले सगळे रिक्षा करून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आतून तपासलं आणि सांगितलं, पिशवीचं तोंड अजून बंद आहे, घरी जा. परतताना आत्याबाई म्हणाल्या, “खोट्याच कळा होत्या. उगाच सगळ्यांची झोपमोड.”

दुसरा कागद अकरा दिवसांनंतरचा. पहाटे ३.०२, ३.१२, ३.२१, ३.२९, ३.३६, ३.४२, ३.४८, ३.५३. या वेळी तिने कुणालाच उठवलं नाही. पुन्हा हसं नको म्हणून ओठ दाबून बसून राहिली. शेवटी आईला जाग आली म्हणून निभावलं. दवाखान्यात पोचली तेव्हा तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं होतं.

‘खोट्या’ हा शब्द असा महागात पडतो. पोट दगडासारखं घट्ट होतं ते खरंच होतं, बाई सोंग करत नसते. गर्भाशय हा स्नायू आहे आणि तो गरोदरपणभर अधूनमधून आवळतो, सैल पडतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२च्या सुमारास हे लिहून ठेवलं, म्हणून या कळांना त्याचं नाव मिळालं. (बायकांना ते त्याच्या आधीपासून ठाऊक होतं, पण नाव लिहिणाऱ्याचं लागतं.) गंमत अशी की त्याला त्यात खोटं काही दिसलं नव्हतं. उलट, पोटातली गाठ ही गर्भच आहे हे ओळखायची ती एक खूण, असं त्याचं म्हणणं होतं. आपण त्यांना सरावाच्या कळा म्हणू.

मग सरावाच्या आणि बाळंतपणाच्या कळांत फरक काय? कोकणात होडी किनाऱ्यावर ओढताना पाहिलं असेल. प्रत्येकाने आपापल्या परीने हिसका दिला तर होडी जागची हलत नाही. सगळ्यांचा हात एका तालात लागला की सरकते. शेवटच्या दिवसांत गर्भाशयाच्या स्नायूपेशींमधले जोड वाढतात, त्यामुळे आवळण्याचा इशारा सगळीकडे एकदम पोचतो. शिवाय पिशवीचं तोंड मऊ पडून पातळ व्हायला लागतं. सरावाच्या कळेत आवळणं असतं, पण ते तुटक असतं. तोंड काही उघडत नाही. खऱ्या बाळंतवेणांची व्याख्याच तोंड उघडण्यावर ठरते, दुखण्यावर नाही.

म्हणून ‘फार दुखलं तर खऱ्या, थोडं दुखलं तर खोट्या’ हा हिशेब चुकतो. काहींना सरावाच्या कळाही चांगल्याच बोचतात, आणि काहींच्या बाळंतवेणांची सुरुवात मासिक पाळीच्या दुखण्याइतकीच असते. कंबरेतून निघून पोटाकडे येणारी कळ बहुधा खरी, असं जुन्या बायका सांगतात. ते पुष्कळदा बरोबर ठरतं, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. कुणाचं कंबरेत अजिबात दुखत नाही.

घड्याळ मात्र सहसा फसवत नाही. एक कळ सुरू झाली तिथपासून पुढची सुरू होईपर्यंत मोजायचं. पुष्कळ जण कळ संपल्यापासून मोजतात आणि अंतर कमी दिसतं. प्रत्येक कळ किती सेकंद टिकली तेही लिहावं. हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवला की कळ हाताला लागते: हलकी असेल तर पोट नाकाच्या शेंड्याइतकं, मध्यम असेल तर हनुवटीइतकं, जोराची असेल तर कपाळाइतकं कडक. आता वरचे दोन कागद पुन्हा पाहा. पहिल्यावर अंतरं १२, २८, १५, ३५ मिनिटं अशी वेडीवाकडी. दुसऱ्यावर १०, ९, ८, ७, ६, ६, ५. दुखणं किती होतं याचा एक शब्द नाही, तरी चित्र स्पष्ट आहे.

अंतरं वेडीवाकडी असतील तर लघवीला जाऊन या, दोन पेले पाणी प्या, कुशीवर पडा. पडून असाल तर उठून थोडं चाला. सरावाच्या कळा यातून बऱ्याचदा ओसरतात. भरलेलं मूत्राशय आणि पाण्याची कमतरता या दोन्हींनी त्या वाढतात. खऱ्या कळा कुशीवर वळल्याने थांबत नाहीत.

साधारण नियम असा: पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. पण हा नियम पहिलटकरणीचा, दिवस भरलेलीचा, आणि जिचा दवाखाना जवळ आहे तिचा. दुसरं-तिसरं बाळंतपण भराभर पुढे सरकतं. पाड्यावरून तालुक्याच्या गावी यायला दोन तास लागत असतील तर पाच मिनिटांची वाट पाहण्यात अर्थ नाही. आधीचं सिझेरियन असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळावं. सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ वर मोफत गाडी मिळते, तातडीच्या वेळी १०८.

आणि ३७ आठवडे भरले नसतील तर हा नियम विसरा. ठरावीक अंतराने कळा येत आहेत, कंबर भरून येते आहे, खाली दाब जाणवतो आहे, तर ओव्याचं पाणी पिऊन ‘गॅस असेल’ म्हणत बसू नका. याच ठिकाणी एक जुनी समजूत घात करते: सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही. हे साफ चूक आहे. पोटात काढलेल्या प्रत्येक जास्तीच्या आठवड्याने बाळाची जगण्याची शक्यता वाढते. वेळेत पोचलं तर कळा लांबवायचा प्रयत्न करता येतो आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येतं.

पाणी जाण्याबद्दलचा गैरसमज सिनेमाने दिलेला. तिथे भळकन पाणी जातं आणि लगेच धावाधाव. प्रत्यक्षात बहुतेकींच्या कळा आधी सुरू होतात आणि पाणी नंतर जातं. ते नुसतं थेंबथेंब पाझरूही शकतं, लघवीच गळते आहे असं वाटतं. शंका आली तर स्वच्छ पॅड लावून रंग पाहा आणि वेळ लिहा. कळा नसल्या तरी दवाखान्यात जायचंच. पाणी हिरवट असेल तर ताबडतोब. लालसर बुळबुळीत स्राव मात्र वेगळा. तो दिसल्यावर बाळंतपण त्याच दिवशी होईल किंवा आणखी काही दिवसांनी.

तारखेचंही तसंच. आपल्याकडचे ‘नऊ महिने नऊ दिवस’ आणि डॉक्टरांचं गणित, म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, यांत फक्त दोन दिवसांचा फरक आहे. पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. तारीख उलटली म्हणून एरंडेल पाजू नये. त्याने जुलाब आणि पोटात मुरडा हमखास होतो, आणि त्या मुरड्यालाच घरचे कळा समजतात.

कळा यायच्या आधी बाळ शांत होतं, हा सगळ्यांत धोक्याचा समज. बाळाची हालचाल शेवटपर्यंत चालू असली पाहिजे. ती कमी झाली, तांबडंभडक रक्त गेलं, दोन कळांच्या मधेही पोट सैल पडत नसेल, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवा आणि निघा.

दवाखान्यातून घरी पाठवलं तर लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टरांनाही पुष्कळदा एका तपासणीत कळत नाही. दोन-तीन तासांनी पुन्हा तपासून तोंड सरकलं का ते पाहावं लागतं. निघण्याआधी एवढं विचारून घ्या: आता तोंड किती उघडलंय, बाळाचे ठोके कसे आहेत, आणि काय झालं तर मी परत यायचं? उत्तर वेळांच्या त्याच कागदावर लिहा. माझ्या मावसबहिणीच्या पहिल्या कागदावर ते नाही.