स्पष्टवक्ते ज्येष्ठ खेळाडू आणि संघाचे कारभारी

स्पष्टवक्तेपणा हा गुण की दोष, या प्रश्नाचे उत्तर बहुधा उत्तर देणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. बोलणारे आपण असलो म्हणजे तो गुण ठरतो. ऐकून घेण्याची पाळी आपल्यावर आली म्हणजे त्यालाच आगाऊपणा, उर्मटपणा, क्वचित् कृतघ्नपणा अशी नावे मिळतात. त्यातून बोलणारा मनुष्य जुना, कर्तबगार आणि स्वतःच्या कर्तृत्वाची पुरती जाणीव असलेला असेल, तर त्याला सांभाळणे ही मोठी बिकट विद्या होऊन बसते. एकत्र कुटुंबात ज्यांचे आयुष्य गेले त्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. परंतु आज आम्ही हा विषय घराच्या माजघरातून उचलून मैदानावर नेणार आहो. कारण तेथे हार व जीत सर्वांच्या डोळ्यांदेखत होते, आणि कारभाऱ्याचे शहाणपण वा वेड झाकून ठेवता येत नाही.

आमच्या परभणी जिल्ह्यात फुटबॉलचा खेळ फारसा रुजलेला नाही. सेलू काय, जिंतूर काय, गंगाखेड काय, मुलांचे खरे प्रेम कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट यांवर. तथापि विलायतेतील फुटबॉलचे सामने घरबसल्या पाहणारी व तेथील खेळाडूंची कुळी पंचांगासारखी पाठ म्हणणारी मुले आता आमच्याकडेही घरोघर आढळतात. त्यांच्या तोंडी 'मॅनेजर' हा शब्द वारंवार येतो. इंग्रजी फुटबॉलमधील मॅनेजर म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून नव्हे. संघात कोण खेळेल, कोण बाकावर बसेल, कोणास निरोप द्यावयाचा, हे सर्व बहुतांशी तोच ठरवितो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर तो घरचा कर्ता पुरुष होय. आणि कर्त्या पुरुषाप्रमाणेच त्याच्या वाट्यास यश थोडे व बोल फार येतात.

या विद्येत ज्यांचे नाव प्रथम घ्यावे ते मँचेस्टर युनायटेड संघाचे अॅलेक्स फर्ग्युसन. १९८६ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी एकाच संघाचा कारभार पाहिला. त्यांच्या संघात एरिक कँटोना नावाचा एक फ्रेंच खेळाडू होता. प्रतिभावान, मानी आणि कोणाची भीड न बाळगणारा. जानेवारी १९९५ मध्ये एका प्रेक्षकाने अपशब्द उच्चारताच त्याने कठड्यावरून झेप घेऊन त्यास लाथ हाणली. त्याबद्दल सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच्यावर खेळबंदी आली, न्यायालयाची पायरीही चढावी लागली. इंग्लंड सोडून जाण्याच्या विचारात असलेल्या त्या खेळाडूस फर्ग्युसन स्वतः पॅरिसला जाऊन भेटले, त्याची समजूत घातली आणि त्याला परत आणले. पुढच्याच हंगामात संघाने दोन्ही प्रमुख स्पर्धा जिंकल्या, आणि त्यानंतर कप्तानपदही कँटोनाकडे आले.

हेच फर्ग्युसन दहा वर्षांनी अगदी निराळे वागले. रॉय कीन हा १९९७ पासून त्यांचा कप्तान. फर्ग्युसनांच्या उमेदीचे यश ज्याच्या पायांवर उभे राहिले असा. २००५ च्या शरदात मिडल्सब्रो संघाकडून मोठा पराभव झाल्यावर त्याने संघाच्याच दूरचित्रवाणीसाठी दिलेल्या मुलाखतीत आपल्या तरुण सहकाऱ्यांची नावे घेऊन खरडपट्टी काढली. ती मुलाखत प्रसारित झाली नाही; पण त्याच वर्षीच्या १८ नोव्हेंबरला कीन संघातून बाहेर पडला. एकाच माणसाने एकाला जवळ ओढले व दुसऱ्याला दूर लोटले, यात काहींना पक्षपात दिसतो. आम्हांस तसे वाटत नाही. कँटोनाचा अपराध मोठा होता, पण तो परक्यावर घडला होता; कीनचे बोलणे कदाचित् खरेही असेल, पण ते घरातल्या धाकट्यांना चारचौघांत उघडे पाडणारे होते. वडील मनुष्याने धाकट्यास खोलीत बोलावून कान धरणे वेगळे व ओसरीवर पाहुण्यांसमोर धरणे वेगळे, हा भेद ज्यास कळतो त्यास फर्ग्युसनांचा निर्णय कळेल. २०२२ साली त्याच संघात क्रिस्तियानो रोनाल्डो या सदतीस वर्षांच्या विख्यात खेळाडूने राखीव म्हणून मैदानात उतरण्याचे नाकारले, पुढे एका मुलाखतीत व्यवस्थापकांवर जाहीर टीका केली, आणि नोव्हेंबरात त्याचा करार संपुष्टात आला. त्या प्रकरणाचा जास्त विस्तार करण्याजोगे त्यात काही नाही.

आपल्याकडे या तोडीचा कारभारी झालाच नाही असे कोणी समजू नये. परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात, व संस्थान विलीन झाल्यावर हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकला, आणि १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्ये भारताचा संघ चौथा आला. १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत जर्नेलसिंग या बचावपटूच्या डोक्यास मोठी जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्याला घरीही पाठविले नाही व बचावालाही लावले नाही. त्याला आघाडीला खेळविले! मिळालेल्या जागेवरून कुरकुर न करता त्याने उपान्त्य व अन्तिम अशा दोन्ही सामन्यांत गोल केले, आणि कोरियाचा २-१ असा पराभव होऊन सुवर्णपदक भारताकडे आले. स्वतः रहीमसाहेब त्या वेळी कर्करोगाने पोखरलेले होते. पुढल्या जूनमध्ये ते निवर्तले. शाळामास्तरांना राष्ट्राच्या पराक्रमाच्या यादीत क्वचितच स्थान मिळते, म्हणून हे नाव आम्ही मुद्दाम येथे नोंदवीत आहो.

आता कारभारी नालायक असला म्हणजे काय होते, याचाही एक नमुना पाहू. १९३६ साली भारताचा क्रिकेट संघ इंग्लंडला गेला, तेव्हा कप्तानपद विजयानगरमच्या महाराजकुमारांनी खेळाच्या बळावर नव्हे तर वशिल्यावर मिळविलेले होते. त्या दौऱ्यातील तीन कसोटी सामन्यांत मिळून त्यांच्या नावावर तेहतीस धावा आहेत. त्यांच्या हाताखाली खेळत होते कर्नल सी. के. नायडू. हे जन्माने नागपूरकर, वयाने चाळिशीचे आणि १९३२ च्या पहिल्या कसोटीत देशाचे नेतृत्व केलेले. अशा माणसाला सांभाळण्याऐवजी कप्तानाने संघात दोन तट पाडले. लाला अमरनाथ हा तरुण खेळाडू त्या दौऱ्यात ऐन भरात होता. लॉर्ड्सच्या मैदानावरील एका सामन्यात पॅड बांधून तयार असताही त्यास खोळंबवून ठेवण्यात आले, तेव्हा तो रागाने बोलला. आणि पहिल्या कसोटीपूर्वीच व्यवस्थापक मेजर ब्रिटन-जोन्स व कप्तान यांनी त्याला बोटीत बसवून परत धाडले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती ब्यूमंट यांच्या चौकशी-समितीने पुढे अमरनाथास निर्दोष ठरविले. पण तोवर संघ ती मालिका २-० अशी हरून परतला होता.

परंतु आमच्या वाचकांनी ज्या प्रकरणाकडे खरोखर लक्ष द्यावे ते या दोहोंहूनही जुने आहे व अधिक जवळचे आहे. जवळचे म्हणण्याचे कारण, त्यातील कारभारी आपल्याच सुशिक्षित, पांढरपेशा समाजातले होते.

पळवणकर बाळू यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पळवणचे. चांभार समाजात, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरात, जन्मल्यामुळे पुण्याच्या क्रिकेट क्लबात त्यांना प्रवेश मिळाला तो नोकर म्हणून. मैदान झाडावे, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी लावावी आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकावेत, यासाठी त्यांना महिना चार रुपये मिळत. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकले. फलंदाजी करावयास मात्र साहेबांनी त्यांस दिली नाही. अशा रीतीने घडलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज आपल्या संघात घ्यावा की नाही, यावर पुण्याच्या हिंदू क्लबात मोठा वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. पण चहाच्या वेळी आत सभासद चिनी मातीच्या कपांतून पीत, आणि बाळूंना बाहेर मातीच्या बोळक्यात चहा दिला जाई. त्यांच्याच गोलंदाजीवर जिंकलेल्या सामन्यातला हा चहा!

पुढे बाळू मुंबईस आले. हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांच्यामागून शिवराम, गणपत व विठ्ठल हे धाकटे बंधूही आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात या घराण्याचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांबरोबर जो संघ इंग्लंडला गेला, त्याचा बहुतेक सामन्यांत पराभव झाला. एकटे बाळू मात्र सर्व सामने मिळून ११४ गडी बाद करून आले. यानंतर त्यांना हिंदू संघाचे कप्तानपद मिळणे न्यायाचे होते. ते मिळाले नाही. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराच्या वेळी स्वतःच सांगून टाकले की हा मान अनुभवाने ज्येष्ठ अशा बाळूंना मिळावयास हवा होता. जागेवर बसलेल्या माणसाने जागेचा खरा मालक दुसरा आहे असे म्हणावे, हे मनाचे औदार्य आम्हांस विशेष वाटते. पण औदार्याने निर्णय फिरला नाही, हेही खरे.

१९२० साल उजाडले. चौरंगी सामन्यांच्या वेळी पै आजारी पडले व जागा रिकामी झाली. बाळूंना पहिल्या सामन्यातून वगळलेलेच होते. विठ्ठल हे त्या वेळचे अव्वल फलंदाज व ज्येष्ठ खेळाडू. तरी समितीने कप्तान नेमले ते पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांना. देवधरांच्या योग्यतेविषयी येथे प्रश्नच नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना महाराष्ट्राच्या संघास १९४० व १९४१ साली लागोपाठ रणजी करंडक मिळवून देणारा तो पुरुष होता. प्रश्न होता तो समितीच्या फूटपट्टीचा. शिवराम व विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि तेवढ्यावर न थांबता जाहीर पत्रक काढले: ही निवड खेळ पाहून झालेली नाही, जात पाहून झालेली आहे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबून आपल्या मनास विचारावे. त्या दिवशीचे वर्तमानपत्र आपल्या ओसरीवर आले असते, तर आपण काय म्हटले असते? बहुधा असे की, संघ आधी, व्यक्ती मागून. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? कीनच्या बाबतीत आम्हीही वर जवळजवळ हेच म्हटले आहे. पण दोहोंत अंतर आहे. कीनला घरात ऐकून घेणारा होता. पळवणकर बंधूंनी वीस-पंचवीस वर्षे घरातच वाट पाहिली होती. 'संघ आधी' हे वाक्य, ज्याला संघात पाट मिळालेला आहे त्याच्या तोंडी फार लवकर येते. जुन्या कुटुंबांतून एखादी बालविधवा आत्या जन्मभर चुलीपुढे राबे, आणि कधी काळी दोन खरे शब्द बोलली की सारे घर तिला खाष्ट म्हणे. तिचा शब्द खरा की खोटा, हे पाहण्याच्या भरीस कोणी पडत नसे. तिचा सूर तेवढा सर्वांच्या ध्यानात राही. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर प्रत्यक्ष विठोबाला अभंगांतून खडसावले आहे, नाही नाही ते ऐकवले आहे. आणि तो देव रुसून गेला असे कोणी सांगत नाही. उलट तो तिच्याबरोबर दळू लागला म्हणतात.

हिंदू जिमखान्याच्या समितीने दळू लागण्याइतकी मजल गाठली नाही, पण ती थोडी हलली. पुढच्या सामन्यापर्यंत पै बरे झाले व कप्तान झाले, बाळूंना परत बोलावून उपकप्तान करण्यात आले, बंधूही परतले. पारशांविरुद्धच्या त्या अखेरच्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. सामना अनिर्णीत राहिला. ही तडजोड म्हणजे आपल्या घरांतून चालते तशीच होती: चूक कबूल करावयाची नाही, पण ताटात एक वाटी वाढवावयाची. कारभारी म्हणून समितीला आम्ही यात फारसे गुण देणार नाही. बोलणाऱ्याला बाहेर काढले नाही, एवढेच तिच्या पदरी घालता येईल. आणि महाराजकुमारांच्या मानाने पाहिले तर तेवढेही पुष्कळ.

पत्रकाचा परिणाम मात्र समितीच्या इच्छेहून पुढे गेला. वृत्तपत्रांतून चर्चा झाली, अस्पृश्यतेच्या प्रश्नाने देशात जोर धरला होता, आणि १९२३ साली विठ्ठल यांना हिंदू संघाचे कप्तान नेमण्यात आले. त्याच वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली; १९२५ व १९२६ सालच्या सामन्यांतही जय मिळविला. तीन वर्षांपूर्वी ज्यांना शिस्तभंग करणारे म्हणून निकालात काढणे सोपे होते, ते त्या जागेवर बसताच उत्तम कारभारी ठरले. याचे आम्हांस नवल वाटत नाही. अन्याय कोठे होतो हे ज्याने सोसून पाहिले त्यास पुढे संघातील शेवटच्या गड्याचेही मन कळते.

१९२३ च्या विजयानंतर जमलेल्या लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून घेतले. ते खांदे उच्चवर्णीयांचे होते, हे त्या वेळच्या एका पत्रलेखकाने आवर्जून लिहून ठेवले. विठ्ठलांनी आपल्या खेळाची हकीकत मराठीत 'माझे क्रीडा-जीवन' या नावाने लिहिली. ती १९४८ साली प्रसिद्ध झाली. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. हिंदू संघाचे कप्तानपद त्यांच्या नावाने कधीही लागले नाही. पै मैदानाबाहेर होते तेवढीच काय ती त्यांची कारकीर्द.