शोधनिबंधात वृत्तपत्राचा संदर्भ कसा द्यायचा?

एम.ए.च्या मुलामुलींचे शोधनिबंध आमच्याकडे वाचायला येतात. त्यात 'बाबासाहेब म्हणतात' असे वाक्य हमखास असते आणि खाली संदर्भ एकच, 'इंटरनेट'. तोंडी परीक्षेत परीक्षक नेमके तेच विचारतात: कुठे म्हणाले? उत्तर आले नाही की मग सगळ्याच निबंधाकडे संशयाने पाहिले जाते.

'मूकनायक'चेच बघा. पहिला अंक ३१ जानेवारी १९२० चा. त्यातला 'मनोगत' हा अग्रलेख बाबासाहेबांचा, पण संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. घाईत 'संपादक : डॉ. आंबेडकर' लिहिले की चूक झालीच. लेखक, लेखाचे शीर्षक, वृत्तपत्राचे नाव, तारीख आणि पान, एवढे तरी हवेच. शिवाय मूळ अंक आपल्यापैकी किती जणांनी हातात घेतलाय? आपण बहुतेक जण शासनाने छापलेल्या खंडातून वाचतो. मग तसेच लिहावे: आधी मूळ लेखाची तारीख, पुढे खंडाचे नाव, प्रकाशन वर्ष आणि खंडातले पान. न पाहिलेला अंक पाहिल्यासारखा दाखवू नये.

आजच्या दैनिकाची आवृत्तीही नोंदवा. नागपूरच्या आवृत्तीत पहिल्या पानावर असलेली बातमी पुण्याच्या आवृत्तीत आत जाते, कधी नसतेच. ऑनलाइन बातमी नंतर बदलू शकते, म्हणून दुवा, पाहिल्याची तारीख आणि स्क्रीनशॉट ठेवा.

अत्याचाराच्या प्रकरणांवर लिहिणाऱ्यांनी तर जास्तच जपावे. बातमी हा अमुक दिवशी असे छापून आल्याचा पुरावा असतो. घटना तशीच घडली याचा नव्हे. पहिल्या दिवशीची बातमी बहुधा पोलिसांच्या तोंडची असते. तिच्या जोडीला दुसरे दैनिक, एफआयआर, निकालपत्र असे काही हवे.

मराठी विश्वकोशातून सुरुवात करायला हरकत नाही. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते. ते, नोंदीचे शीर्षक आणि खंड क्रमांक लिहा. एपीए की एमएलए, ते विभाग सांगेल.

आणि घरच्या पेटीत आजोबांनी जपलेली कात्रणे? तारीख कापली गेली असेल तर मागची बाजू बघा. सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, सामन्याचा निकाल, यावरून निदान महिना कळतो. मग ग्रंथालयात त्या महिन्याची फाईल मागायची.