क्लब बुडतो तेव्हा आधी कोण बुडतं? बालेवाडीचे चार क्लब आणि टॅक्सची थकबाकी

(एपिसोडचं लेखी रूप. अडखळलेलं, चहा पिताना थांबलेलं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा विषय माझ्या मामेभावामुळे आला. पोरगा १९ वर्षांचा, डावा बॅक. एका क्लबने त्याला करार पाठवला. त्याने पीडीएफ व्हॉट्सअॅपवर टाकली आणि खाली एकच ओळ, "दादा, सही करू का?"

मी बीटेक, कोड लिहितो, वकील नाही. पण वाचला. पैसे ठीक होते. अडलं एका शब्दावर. करारात "पगार" कुठेच नव्हतं, "व्यावसायिक सेवा शुल्क" होतं. म्हणजे कागदावर तो क्लबचा नोकर नाही, बाहेरचा सेवा देणारा. चांगल्या दिवसात याने काही बिघडत नाही. पण क्लब बुडाला, तर या एका शब्दावर त्याचं लाईनमधलं स्थान ठरतं. ते कसं, हे आज समजून घेऊ.

आधी आपल्या दारातली गोष्ट

मी सूसला राहतो. बालेवाडीचं स्टेडियम इथून बाईकवर जवळ. कॉलेजात असताना मॅच संपल्यावर हायवेच्या सर्व्हिस रोडवरच्या गर्दीतून घरी यायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात दुसरी मॅच बघून झाली असती! आता तिथे आपला म्हणावा असा मोठा क्लबच नाही. दहा-बारा वर्षांत या एका मैदानावर चार क्लब आले आणि गेले.

पहिला, पुणे एफसी. २००७ साली अशोक पिरामल ग्रुपने काढला. २०१२-१३ मध्ये आय-लीगला दुसरा आला. नुसता संघ नाही, चांगली अकॅडमीही होती. २०१५ मध्ये ग्रुपने हात काढून घेतला.

दुसरा, भारत एफसी. कल्याणी ग्रुपचा. २०१४-१५ चा एक हंगाम खेळला आणि संपला.

तिसरा, डीएसके शिवाजियन्स. २०१५-१६ मध्ये आय-लीगला आला, लिव्हरपूलसोबत अकॅडमी होती. २०१७ मध्ये बाहेर पडला. पुढच्याच वर्षी ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात ग्रुपच्या प्रमुखांना अटक झाली, ते तुम्ही बातम्यांत पाहिलंच असेल.

चौथा, एफसी पुणे सिटी. २०१४ ला आयएसएलबरोबर आला. मालक वाधवान ग्रुप, सोबत हृतिक रोशन, आणि इटलीचा फिओरेंटिना भागीदार. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारोच्या जोरावर सेमीफायनलला गेला. २०१९ च्या जूनमध्ये याच वाधवान कुटुंबाच्या डीएचएफएलला बाँडवरचं व्याज वेळेवर देता आलं नाही. ऑगस्टमध्ये पुण्याची आयएसएलमधली जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएलचं संचालक मंडळ बाजूला केलं आणि कंपनी दिवाळखोरी कायद्याखाली गेली. वित्तीय कंपन्यांमधली ही पहिलीच. (पुढे डीएचएफएल घेतली अजय पिरामल यांच्या ग्रुपने. पुणे एफसीवाला अशोक पिरामल ग्रुप वेगळा. आडनाव एक, घरं दोन.)

आता लक्ष द्या. यातल्या प्रत्येक क्लबचे हिशेब कोर्टात गेले असं मी म्हणत नाही, आणि कुणी टॅक्स बुडवला असंही म्हणत नाही. मुद्दा साधा आहे. तिकीट, स्पॉन्सर, टीव्ही आणि खेळाडूंच्या विक्रीतून क्लबचा खर्च निघत नव्हता, फरक मालक भरत होता. आमच्या भाषेत, सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर. मालकाचं मन बदललं किंवा मूळ धंदा आजारी पडला, की क्लब बंद. मैदानात तुम्ही कितवे आलात, याचा संबंधच नाही.

आणि ती जागा? हैदराबाद एफसीने २०२१-२२ ची आयएसएल जिंकली. मग पगार थकले, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली. २०२४ मध्ये बी. सी. जिंदाल ग्रुप आला आणि २०२५ मध्ये क्लब दिल्लीला गेला. पुणे, हैदराबाद, दिल्ली. भाडेकरूसारखी बिऱ्हाडं बदलत राहिली.

टॅक्सच का आधी थकतो?

समजा तुम्ही क्लबचे अकाउंटंट आहात. खात्यात पैसे कमी. खेळाडूंचा पगार, हॉटेल, विमानाची तिकिटं, मैदानाचं भाडं आणि टॅक्स, एवढं द्यायचंय. कोणाला थांबवाल? पगार थांबवला तर खेळाडू बोंब मारतो. हॉटेलवाला खोली देत नाही. टॅक्स खातं मात्र त्या दिवशी दारात येत नाही. नोटीस नंतर येते, व्याज हळूहळू चढतं. म्हणून पहिला नंबर त्याचा लागतो. सूसकरांना हे वेगळं सांगायला नको. २०२१ ला आपण पुणे महापालिकेत गेलो, आणि मिळकतकर थकला की महिन्याला २ टक्के शास्ती कशी चढते हे घरोघरी माहीत आहे.

पण सगळा टॅक्स सारखा नसतो. काही टॅक्स क्लबच्या स्वतःच्या नफ्यावर असतो. टीडीएसचं तसं नाही. तो खेळाडूच्या पगारातून कापलेला असतो. पैसे खेळाडूचे, क्लब फक्त पोस्टमन. पोस्टमनने मनीऑर्डर स्वतःच्या घरभाड्याला वापरली तर तुम्ही त्याला उधारी म्हणाल का?

हे माझ्यासोबत झालंय, फुटबॉलमध्ये नाही. पहिल्या नोकरीत, एका छोट्या स्टार्टअपमध्ये. पेस्लिपवर टीडीएस कापलेला दिसायचा. रिटर्न भरायला बसलो तर २६एएसमध्ये पाच महिने कोरे! कंपनीने कापला होता, भरला नव्हता. विचारलं तर उत्तर, "कॅश फ्लोचा इश्यू आहे, होऊन जाईल." कायद्याने कापलेला टॅक्स पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करता येत नाही, आणि कंपनीला महिन्याला दीड टक्का व्याज लागतं. तरी सिस्टीममधल्या मागणीला उत्तरं देत बसायचं काम माझंच. तेव्हा कळलं, कंपनीत पैसे संपतायत याची पहिली खबर पगाराच्या मेसेजमध्ये नसते, २६एएसमध्ये असते.

ग्लासगोत काय झालं

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण स्कॉटलंडचा रेंजर्स. मे २०११ मध्ये क्रेग व्हाइटने क्लब विकत घेतला, एका पौंडाला. बरोबर ऐकलंत, एका! अर्थात डोक्यावर कर्ज होतं. त्यानंतर पगारातून कापलेला टॅक्स आणि व्हॅट सरकारकडे गेलाच नाही. थकबाकी साधारण ९० लाख पौंड. १४ फेब्रुवारी २०१२ ला क्लब प्रशासकाकडे गेला. जूनमध्ये तडजोडीचा प्रस्ताव आला, त्यावर ब्रिटनच्या कर खात्याने 'नाही' म्हटलं. जुनी कंपनी लिक्विडेशनमध्ये, क्लब नव्या कंपनीत आणि संघ थेट चौथ्या श्रेणीत.

आणि तरी तिथल्या पहिल्या घरच्या लीग सामन्याला ४९ हजारांवर लोक आले. २०२१ ला ते परत स्कॉटलंडचे चॅम्पियन झाले. फिओरेंटिना, म्हणजे आपल्या पुणे सिटीचा भागीदार, तोही २००२ मध्ये असाच बुडून चौथ्या श्रेणीतून वर आला होता. तिथे कंपनी मरते, पण क्लब गावाचा असतो, म्हणून परत उभा राहतो. आपल्याकडे क्लब आणि कंपनी यांच्यामध्ये गाव अजून यायचं आहे.

रांगेत कोण कुठे?

कंपनी बुडाली की उरलेली मालमत्ता विकून पैसे वाटतात. सगळ्यांना थोडं थोडं असं नाही, रांग असते. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा खास नियम आहे. खेळाडू आणि इतर क्लब यांचे पैसे पूर्ण द्यायचे, नाहीतर लीगमधली जागा जाते. मग कर खातं, छोटे दुकानदार यांना उरलंसुरलं. २०१० मध्ये पोर्ट्समथ बुडाला, तेव्हा देणेकऱ्यांच्या यादीत सेंट जॉन अॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. तिचे जवळपास २,७०० पौंड थकले होते. कोट्यवधींचे स्ट्रायकर पुढे, प्रथमोपचारवाले मागे. यावर खूप टीका झाली. डिसेंबर २०२० पासून तिथे पगारातून कापलेला टॅक्स आणि व्हॅट यांना रांगेत वरची जागा परत मिळाली.

आपल्याकडे २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. त्यात लिक्विडेशनची रांग ढोबळमानाने अशी:

१. प्रक्रियेचाच खर्च
२. कामगारांचे २४ महिन्यांचे पैसे आणि तारण घेतलेल्या बँका
३. इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार
४. विनातारण कर्ज देणारे
५. सरकारी देणी, म्हणजे टॅक्स
६. उरलेले सगळे
७. सगळ्यात शेवटी शेअरहोल्डर, म्हणजे मालक

आता मामेभावाकडे परत या. करारात "पगार" असेल तर तो तिसऱ्या नंबरवर, टॅक्सच्या पुढे. "सेवा शुल्क" असेल तर तो सहाव्या नंबरवर ढकलला जाण्याची भीती. जर्सी धुणारा लाँड्रीवाला आणि बसवाला यांच्याबरोबर. तिथपर्यंत बहुतेक वेळा पैसे पोचतच नाहीत. मैदानावर दोन्हीकडे तोच घाम, तीच डावी बाजू.

मग करायचं काय?

तुम्ही किंवा घरातलं कुणी खेळत असेल तर चार गोष्टी.

एक, करारात नोकर आहात की सेवा देणारे, ते बघा आणि बदलून मागा. दोन, दर तीन महिन्यांनी २६एएस उघडा. कापलेला टॅक्स तिथे दिसला पाहिजे. तीन, पगार दोन महिने थकला तर फिफाच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन करार सोडता येतो. तोंडी आश्वासनं मोजू नका, सगळं ईमेलवर घ्या. चार, भारतात फुटबॉलपटूंची संघटना आहे, एफपीएआय. अडचण येण्याआधीच तिची ओळख करून घ्या.

आणि प्रेक्षकांसाठी एक. नवा क्लब आला की आपण आधी जर्सी आणि स्टार बघतो. एकदा मालकाचा मूळ धंदा कसा चाललाय तेही बघा. बालेवाडीत ते स्कोअरबोर्डपेक्षा जास्त खरं ठरलंय.

मामेभावाने क्लबला मेल केला, "पगार" लिहून द्या म्हणून. लिहिताना हात थरथरत होता म्हणे, ऑफरच गेली तर? मामा तर चिडलेच, "एवढी चांगली संधी आणि हा दादा शब्द मोजत बसलाय!" क्लबने सांगितलंय, बघून कळवतो. तोवर पोरगा रोज सकाळी सहाला प्रॅक्टिसला जातोय.

काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तुमचा पगार किंवा टीडीएस कधी असा अडकला असेल तर व्हॉइस नोट पाठवा. चला, भेटू!