अग्नीवाचून अग्निबाण

अग्निबाण म्हटला की ज्वाला आणि धूर डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मांद्र्याच्या पुळणीवर आम्ही जो बाण उडवला, त्यात ठिणगीसुद्धा नव्हती. शीतपेयाची दोन लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली, रबरी बूच, लांब नळी, सायकलीचा पंप आणि विहिरीचे पाणी, एवढीच काय ती सामग्री!

बाटलीचा तिसरा हिस्सा पाण्याने भरला, नळी ओवलेले बूच तोंडात घट्ट बसवले आणि बाटली तीन खुंट्यांच्या आधाराने उपडी उभी केली. पंपाने हवा भरू लागताच बुडबुडे पाण्यातून वर चढू लागले. दाब बुचाच्या पकडीला भारी झाला तसे बूच निसटले. पाणी खाली फेकले गेले आणि बाटली वर झेपावली. क्रिया आणि प्रतिक्रिया समान व परस्परविरुद्ध असतात, हा न्यूटनचा १६८७ सालचा नियम आम्ही त्या दिवशी नखशिखांत भिजून शिकलो.

आतील दाब बाहेरच्याहून दोन वातावरणांनी अधिक असला, तर पाणी प्रारंभी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने सुटते. त्याचा रेटा सुमारे १५ किलो वजनाइतका भरतो, आणि पाण्यासह बाटली पाऊण किलोचीही नसते! मात्र हा रेटा सेकंदाच्या जेमतेम दहाव्या हिश्शापुरताच टिकतो.

मग पाणी हवेच कशाला? आम्ही कोरडी बाटली उडवून पाहिली. ती माडाच्या निम्म्या उंचीलाही पोहोचली नाही. जवळजवळ काठोकाठ भरलेली तर जागीच पाणी ओकून आडवी झाली. शक्ती साठवते ती हवा, आणि फेकण्याजोगे वजन पुरवते ते पाणी. दोहोंनाही जागा हवी.

याच अरबी समुद्राच्या काठी, केरळातील थुंबा येथून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतभूमीवरून पहिला संशोधन-अग्निबाण, 'नाइकी-अपाची', आकाशात गेला. त्यात पाण्याऐवजी जळालेल्या घन इंधनाचे वायू खाली फेकले जात होते, नियम तोच.

आता आमची चूक सांगितली पाहिजे. एकदा बूच फारच घट्ट बसले. पंप मारून हात दुखले, तरी बाण हलेना. आमच्यातील एकजण वाकून पाहावयास निघाला, तोच गुरुजींनी त्याचा दंड धरून मागे ओढले. पुढच्याच क्षणी बाटली सुटली! ती जेथून गेली, तेथे त्याचे डोके असते.

तेव्हापासून दाब भरल्यावर दहा मीटरांच्या आत कोणी जात नाही. बाण अडलाच, तर नळीचे पंपाकडील टोक दुरूनच सोडतो. पाणी नळीवाटे बाहेर येते व दाब उतरतो. नळीत मध्ये झडप ठेवीत नाही, ती यासाठीच. काचेची वा धातूची बाटली आम्ही कधीच घेत नाही, आणि चरे पडलेली प्लास्टिकची टाकून देतो. किनाऱ्यावर कासवे अंडी घालावयास येतात, म्हणून त्या हंगामात प्रयोग शाळेच्या मैदानावर होतात.