पाच पानांत मावलेलं विवर

सप्टेंबर 1991. ‘जिऑलॉजी’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. पानं किती? फक्त पाच! सात लेखकांत पहिलं नाव अ‍ॅलन हिल्डब्रँडचं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठात पीएचडीचं संशोधन करता करता त्यानं डायनासोरांचा काळ संपवणाऱ्या आघाताचा माग काढला.

आधी काळ मोजू. आघात 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. वर्षाला एक रुपया बाजूला ठेवा. शिवराज्याभिषेकापासून आजवर जमतील साडेतीनशे रुपये. आघातापासून? सहा कोटी साठ लाख!

माग लागला आघातानं उडवलेल्या मातीच्या एका थरावरून. इटलीत गुब्बिओला तो थर बोटाच्या पेराएवढा. हैतीत बेलॉकला थेट अर्धा मीटर! म्हणजे घाव जवळच बसला होता. मेक्सिकोच्या युकातानमध्ये जमिनीखाली एक प्रचंड वर्तुळ असल्याचं पेनफिल्ड आणि कामार्गो या भूभौतिकशास्त्रज्ञांनी 1981 सालीच सांगितलं होतं. धागा जुळला. विवराचं नाव चिक्शुलूब.

येऊन आदळलेला गोळा सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा. कळसूबाईवर कळसूबाई अशी सहा शिखरं रचा, तरी शंभरेक मीटर कमीच पडतील! वेग सेकंदाला वीस किलोमीटर धरू. मुंबई-पुणे अंतर साडेसात सेकंदांत. खंडाळ्याचा घाट म्हणेपर्यंत पुणं मागे पडलेलं!

आता वजन. साधारण दीड लाख कोटी टन. एका मालगाडीत चार हजार टन भरू. गाड्या लागतील साडेसदतीस कोटी! दर मिनिटाला एक गाडी सोडू, दिवसरात्र, एकही खाडा न करता. ज्ञानेश्वर माउलींनी समाधी घेतली त्या 1296 साली पहिली गाडी सुटली असती, तर शेवटची सुटली असती 2009च्या सुमारास!

खड्डा किती खोल? पहिल्या मिनिटाच्या आतच सुमारे तीस किलोमीटर. पन्नास फुटी विहिरी एकीखाली एक खणत जा. दोन हजार विहिरी होतील! मग कडे ढासळले आणि विवर रुंदावलं 180 किलोमीटरपर्यंत. मुंबई-पुणे अंतर त्यात मावून तीस किलोमीटर उरतात. क्षेत्रफळ पंचवीस हजार चौरस किलोमीटर. अख्खा पुणे जिल्हा घाला, रायगड घाला, तरी जागा शिल्लक!

आणि ऊर्जा? याच आकड्यांनी हिशेब केला तर हिरोशिमावर पडला तसे पावणेपाचशे कोटी बॉम्ब. आज पृथ्वीवर असलेल्या दर पाच माणसांमागे तीन बॉम्ब, सगळे एकाच जागी, एकाच क्षणी! पृथ्वीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती त्या संकटात नाहीशा झाल्या.

हे विवर पाच पानांत आलं. एका पानाच्या वाट्याला छत्तीस किलोमीटर, म्हणजे सीएसएमटी ते ठाणे अंतराहूनही जास्त! एवढं मोठं विवर हाती लागूनही लेखकांनी शीर्षकात शब्द घातला ‘संभाव्य’. पुरावा तपासून मगच बोलायचं, हा विज्ञानाचा संस्कार त्या एका शब्दात आहे.

त्याच युगात आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हा होऊन वाहत होता. त्यामुळे तुमच्या घरातली मुलगी भूशास्त्र शिकायचं म्हणाली, हातोडी घेऊन घाटात निघाली, तर तिला अडवू नका. पाण्याची बाटली भरून द्या.