९११ ची ॲम्ब्युलन्स नेमकी कोणाची?



फ्रीमाँट, युनियन सिटी, डब्लिन भागातल्या आपल्या बऱ्याच घरांत असा समज असतो की ९११ फिरवला की सरकारी ॲम्ब्युलन्स येते. आधी दारात येतो तो फायर ब्रिगेडचा बंब सरकारी असतो, हे खरे. (आग नाही तर बंब कशाला, हा भारतातून आलेल्या आई-वडिलांचा ठरलेला प्रश्न! त्यावर पॅरामेडिक असतात म्हणून.) पण पेशंटला हॉस्पिटलमध्ये नेण्याचे काम अलामेडा काउंटी टेंडर काढून एका खाजगी कंपनीला देत आली आहे. बर्कलीसारख्या काही शहरांच्या फायर खात्याकडे मात्र स्वतःच्या ॲम्ब्युलन्स आहेत.

आणि कंपनी म्हटली की ती सोडूनही जाऊ शकते. नोव्हेंबर २०११ मध्ये एएमआर या जुन्या कंपनीचे काम टेक्सासच्या पॅरामेडिक्स प्लसकडे गेले. थोड्याच काळात त्यांनी तोट्याचा हिशेब काउंटीपुढे मांडला, अटी सैल करून घेतल्या, तरी गणित जुळले नाही. जुलै २०१९ मध्ये फाल्क ही डेन्मार्कची कंपनी आली. शेजारच्या सांता क्लारा काउंटीत २०११ मध्येच एएमआरच्या जागी रुरल/मेट्रो आली, ऑगस्ट २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २०१५ मध्ये तिला विकत घेतले ते एएमआरच्याच मालक कंपनीने!

इथे निदान नवी कंपनी येईपर्यंत जुनीच्या गाड्या धावत राहिल्या. न्यूयॉर्कमध्ये ट्रान्सकेअर कंपनीने २४ फेब्रुवारी २०१६ ला दिवाळखोरी जाहीर केली आणि दोन दिवसांत गाड्या बंद. त्यातल्या काही ९११ च्या सेवेत होत्या. ती भोके शहराच्या फायर खात्याला आपल्या गाड्या आणि माणसे लावून बुजवावी लागली.

असे का होते? आम्ही सॉफ्टवेअरवाले स्टँडबाय सर्व्हर ठेवतो. तो वापरला नाही तरी त्याचे पैसे कोणीतरी भरतो. ॲम्ब्युलन्सचा सगळा धंदाच स्टँडबायचा. ठरलेल्या मिनिटांत पोचायचे, उशीर झाला तर दंड, म्हणून रात्री तीन वाजताही गाड्या आणि माणसे तयार हवीत. पैसे मात्र पेशंटला हॉस्पिटलमध्ये पोचवले तरच. तिथे बेड मिळेपर्यंत तासभर स्ट्रेचरपाशी उभे राहावे लागले तर तेही त्याच पैशांत. गरिबांच्या मेडि-कॅल विम्याचा मूळ दर वर्षानुवर्षे खेपेला ११८ डॉलरच्या आसपास होता. २०१८ पासून त्यावर भर मिळू लागली. मेडिकेअरचा दरही सरकारने बांधलेला. उरलेला खड्डा भरतो तो खाजगी विमावाल्यांच्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या बिलांतून. तसे पेशंट कमी पडले की कंपनी काउंटीकडे पैसे मागते, नाहीतर निघते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेली १०८ चीही सेवा कंपनीच चालवते, पण तिचे पैसे सरकार देते, पेशंटला बिल नाही. आम्हाला तीच पद्धत जास्त सरळ वाटते. कंपनी बदलली तरी बिलाची भीती घरच्यांच्या डोक्यावर राहत नाही.

आता आपल्या खिशाचे. नेटवर्कबाहेरच्या अचानक बिलांपासून वाचवणारा केंद्राचा कायदा १ जानेवारी २०२२ पासून आहे, पण त्यात हेलिकॉप्टर येते, रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स येत नाही! कॅलिफोर्नियाने ही उणीव एबी ७१६ कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून बरीचशी भरून काढली. नेटवर्कबाहेरची ॲम्ब्युलन्स आली तरी नेटवर्कमधल्याइतकाच वाटा आपण द्यायचा. मेख अशी की आपण बहुतेक ज्या मोठ्या कंपन्यांत काम करतो, त्यांचे प्लॅन अनेकदा 'सेल्फ-फंडेड' असतात आणि राज्याचा कायदा त्यांना लागू होत नाही. आपला प्लॅन कुठला, हे एचआरला एका ईमेलमध्ये विचारता येते.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांकडे इथला विमा नसेल, तर त्याच कायद्याप्रमाणे त्यांना मेडि-कॅल किंवा मेडिकेअर यांपैकी जो दर जास्त असेल त्यापेक्षा अधिक बिल लावता येत नाही. मोठा आकडा आला तर लगेच भरू नका. बिलिंग खात्याला फोन करून एबी ७१६ चे नाव घ्या. आणि छातीत दुखत असेल तर 'गाडीनेच नेऊ, उगाच खर्च' असे म्हणणाऱ्या बाबांचे अजिबात ऐकू नका. आपल्या कारमध्ये ईसीजी नसतो.