आकड्यांची संहिता : बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’

व्यावसायिक बेसबॉल सामन्याची जी सांख्यिकीय नोंद अमेरिकन वृत्तपत्रांत पिढ्यानपिढ्या छापली गेली, तिला ‘बॉक्स स्कोअर’ म्हणतात. तिच्यात क्रियापद नाही, विशेषण नाही. तथापि तिला केवळ कोष्टक समजणे योग्य होणार नाही. तिच्यात निवेदन आहे, आणि निवेदन म्हटले की निवेदकाचा निर्णयही आलाच.

हा प्रकार रूढ करण्याचे श्रेय प्रामुख्याने हेन्री चॅडविक (१८२४–१९०८) यांस दिले जाते. इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि बालवयातच ब्रुकलिनला आलेले चॅडविक आरंभी क्रिकेटचे वार्ताहर होते. भारतीय वाचकास हे कोष्टक काहीसे परिचित वाटते ते त्यामुळेच.

या नोंदीस जमाखर्चाप्रमाणे ताळा असतो. फलंदाजीस आलेल्या प्रत्येकाची गती तीनांपैकी एकच : तो धाव पूर्ण करतो, बाद होतो, किंवा डाव संपताना तळावर अडकून राहतो. या तिहींची बेरीज फलंदाजीच्या एकूण पाळ्यांइतकी भरलीच पाहिजे. परंतु ताळा जुळला म्हणजे अर्थ निश्चित झाला, असे नव्हे. फलंदाज पहिल्या तळावर पोहोचला तो स्वतःच्या फटक्याने, की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हे अधिकृत नोंदकाराने ठरवावयाचे असते. सामान्य प्रयत्नाने चेंडू अडवता आला असता काय, हा त्याचा निकष. बरीच वर्षे हे काम वार्ताहरच करीत. म्हणजे वर्णन करणारा आणि न्यायनिवाडा करणारा एकच. पिचरच्या माथी पडणारी धाव ‘अर्जित’ की ‘अनर्जित’, हे या निवाड्यावर अवलंबून असते.

याचे विलक्षण उदाहरण म्हणजे २६ मे १९५९ रोजी मिलवॉकी येथे झालेला सामना. पिट्सबर्गचा पिचर हार्वी हॅडिक्स याने लागोपाठ १२ डावांत ३६ फलंदाजांपैकी एकासही तळावर पोहोचू दिले नाही. सामना एरवी ९ डावांचा. परंतु पिट्सबर्गलाही १२ हिट मिळवून एकही धाव करता आली नाही, म्हणून खेळ लांबला. तेराव्या डावात डॉन होकच्या चुकीच्या फेकीमुळे फेलिक्स मँटिया पहिल्या तळावर आला. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवले, हँक एरनला हेतुपुरस्सर तळ देण्यात आला, आणि जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे धाडला. सामना संपला असे समजून एरन धावमार्ग सोडून निघाला. ॲडकॉक त्याच्या पुढे गेला, आणि नियमानुसार बाद ठरला. तीन धावांचा होमरन नोंदीत दोन तळांचा साधा फटका झाला. पंचांनी प्रथम २–० हा निकाल मानला होता. दुसऱ्या दिवशी लीगचे अध्यक्ष वॉरन जाइल्स यांनी तो १–० असा केला. पाठभेदांचा निवाडा करणाऱ्या संपादकाचे काम याहून निराळे नसते.

मिलवॉकीचा ताळा मात्र अचूक आहे : ४० पाळ्या, १ धाव, १ अडकलेला, ३८ बाद. हॅडिक्सच्या नावापुढील ओळ अशी : डाव १२⅔, हिट १, धावा १, अर्जित धावा ०. आणि शेजारी पराभवाची खूण. एक रकाना त्याला दोषमुक्त करतो, दुसरा हार त्याच्याच पदरी घालतो. दोहोंत विसंगती नाही; रकाने निरनिराळे प्रश्न विचारतात, एवढेच. वार्तेच्या गद्यास येथे ‘दुर्दैवाने’ किंवा ‘तरीही’ असा एखादा शब्द लागला असता. कोष्टकाने तो वाचकावर सोपवला आहे.

१९९१ साली ‘नो-हिटर’ची व्याख्या अधिक काटेकोर करण्यात आली : सामना संपेपर्यंत एकही हिट मिळालेला नसावा. त्या व्याख्येने हॅडिक्सचे नाव अधिकृत यादीतून वगळले गेले. १९५९ च्या बॉक्स स्कोअरमधील त्याची ओळ जशीच्या तशी आहे.